वनचुरीचे कोंब

बामसिल,
१४ मार्च

ति. थोरल्या ताईस,

धाकट्या माल्सुनचा वाकून नमस्कार. इकडे नदीकाठच्या मेशिलच्या, आंबट आलुबुखाराच्या, बागा फुलून पांढऱ्या झाल्यात, वारा मात्र अजून बोचतो. तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र तू कपाटातच ठेवून देतेस असं तुझी सून सांगत होती. फोनवर मी ओरडून विचारते कशी आहेस, आणि तू म्हणतेस, जेवले, जेवले. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. मोकपोहून पाठवलेली सुकी मासळी पोचली. एक जुडी सुनचांगवालीला दिली. ती समोरच राहते, वास तिला लागतोच.

ह्यांचं पोटाचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. पोटाच्या तीन हिश्श्यांतले दोन काढलेले, त्यामुळे वाटीभर खाल्लं की पुरे होतं. थंडीभर तेवढंही जात नव्हतं. मी हाडांचं सूप केलं, भोपळ्याची पेज केली, तुझ्या पद्धतीनं कालवं घालून भात केला. चमचा उचलायचे, तोंडाजवळ न्यायचे आणि परत ठेवायचे. म्हणायचे, लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं लागतं.

आता खातात. चांगलं खातात. हे लिहिताना मला आनंद व्हायला हवा.

झालं असं की फेब्रुवारी सरता सरता आमची सून लुआ लसणाच्या वाफ्यातलं गवत काढत होती. मी तिला सांगितलं होतं, उपटून उकिरड्यावर टाक. दुपारी बघते तर ते सगळं गवत निवडून, धुऊन परातीत. नेंगी होती मुळासकट, कोवळी चिमणभाजी होती, त्या पिवळ्या फुलवाल्या कडू झाडाची पानंही होती. तिनं त्यांचं पातळ सूप केलं. आपल्या मडक्यातलं आंबवलेल्या सोयाबीनचं द्वेनजांग चमचाभर घातलं आणि वर तिच्या माहेरच्या बाटलीतलं ते माशाचं पाणी. घरभर वास. मी खिडकी उघडली. हे खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, काय शिजतंय? ताई, ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. बसले आणि वाटी संपवली. नुसती संपवली नाही, वाटीत भात घालून तळ पुसून खाल्ला.

तेव्हापासून रोज तेच चाललंय. सकाळी उठले की विचारतात, लुआ बागेत गेली का?

तूच सांग, नेंगी तिला ओळखायला कोणी शिकवली? सहा वर्षांपूर्वी आपला किबोम तिला लग्न करून घेऊन आला तेव्हा तिला 'पाणी' आणि 'भात' सोडून आपला एक शब्द येत नव्हता. मी तिला बांधावर बसवून एकेक पान दाखवलं. ही नेंगी, हिचं मूळ हुंगून बघ. हा चाकवत, ही घोळ, हे खायचं, हे नाही. घोळ बघून ती केवढी हसली होती. म्हणाली, आई, ही आमच्याकडेही आहे. तिच्या गावी, मेकाँगच्या काठाला, म्हणे अर्धं जेवण बांधावरून येतं. गेल्या उन्हाळ्यात कुंपणावरच्या त्या आंबट पानांच्या वेलीचं नाव मी तिला सांगितलं, सुनेची बेंबी. तर गावच्या सभागृहात सगळ्या बायकांसमोर विचारते कशी, "सासूच्या बेंबीची भाजी नाही का कुठे?" बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले. हसावंच लागलं.

आपल्याकडे म्हणतातच, सुनेचे लाड सासराच करतो. पण सेहेचाळीस वर्षं ह्या माणसाला मी रांधून घातलं. या गावात बारशापासून तेराव्यापर्यंत भाज्या कोणाच्या हातच्या, तर माल्सुनच्या. हाताला चव असावी लागते, ती शिकवून येत नाही असं आपली आई म्हणायची. मग हिला कशी आली?

असो. नात यूरिम आता चार वर्षांची झाली, दिवसभर बडबडते. ती पण म्हणते, आईच्या हातचं गवत दे.

काळजी घे. यंत्र कानात घाल.

तुझी,
माल्सुन

बामसिल,
१४ एप्रिल

ति. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. "कुणाच्या का हातचं असेना, खातोय ना तो? गप बस आणि तूही खा," असं लिहिलंस. तुला मोकपोत बसून लिहायला काय जातं.

इकडे मोठा गोंधळ झाला. कुणाकडून तरी उलटसुलट तुझ्या कानावर जाईल, म्हणून मीच कळवते.

शेतीची कामं लागायच्या आधी आमच्या सभागृहात गावजेवण असतं, तुला ठाऊक आहे. तीस वर्षं त्या जेवणाच्या भाज्या माझ्याकडे होत्या. या खेपेला महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. मी चहा टाकायला उठले तर म्हणाल्या, माल्सुन, तू बस, आम्ही लुआकडे आलोय. म्हणाल्या, तुझे यजमान मरणाच्या दारातून परतले ते या पोरीच्या गवतावर, आम्हालाही खाऊ घाल की. वर मला म्हणतात, आता तू आराम कर, खूप केलंस. हे प्रेमानं म्हणाल्या, ताई. त्याचंच जास्त लागलं.

नऊ तारखेला जेवण झालं. लुआ पहाटेपासून राबत होती. सहा तऱ्हांच्या भाज्या होत्या, काही उकडून तिळाच्या तेलात कालवलेल्या, काही कच्च्याच लसूण-लिंबू लावून. मोठमोठ्या वाडग्यांत मांडल्या होत्या. त्यांत वनचुरीचे, त्या रानलिलीचे, कोंबही होते. पंचवीस-तीस माणसं जेवली. वाखाणणी झाली.

तासाभरानं पोटं बिघडायला लागली. आधी म्हातारे बेक आजोबा, मग सुनचांगवाली, मग एकामागून एक. उलट्या, जुलाब, चक्कर. दोन रुग्णवाहिका आल्या. नऊ जणांना नेलं, त्यांत आमचे हेही. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, आणि वनचुरीचं नाव निघाल्यावर मान हलवली. कोंब वाढून उंच झालेले होते आणि उकडल्यावर पाण्यात भिजवले गेले नव्हते. त्यातलं विष तसंच राहिलं. आठ जण दुसऱ्या दिवशी घरी आले. ह्यांना चार दिवस ठेवून घेतलं. उरलेलं पोट ते केवढं. काल घरी आणलं, फक्त पेजेवर आहेत.

आरोग्य खात्याचा माणूस दवाखान्यातच चौकशीला आला होता. लुआनं "स्वयंपाक माझा होता" एवढंच सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि गेला.

गावात जे बोलायचं ते बोलतातच. परक्या देशातली पोर, तिला आपली झाडं काय कळणार. सुनचांगवाली सलाईन लावलेल्या हातानं मला थोपटून म्हणाली, तुझी चूक एवढीच की तू तिला स्वयंपाकघर दिलंस. मी तिची उशी नीट केली.

लुआनं परवा हातमोजे घातले आणि बागेतलं सगळं गवत उपटलं. नेंगी, चाकवत, सगळं. कुंपणाच्या बुडाची वनचुरी कुदळीनं खणून काढली. आता बाग अशी स्वच्छ दिसते की शेजाऱ्याची वाटावी. स्वयंपाक परत माझ्याकडे आलाय. ती स्ट्रॉबेरीच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला जायला लागली आहे, सकाळी सहाला जाते. किबोम म्हणतो, जूनमध्ये आम्ही सुनचॉन शहरात राहायला जाऊ.

मला वाटलं होतं, स्वयंपाकघर परत मिळालं की बरं वाटेल.

हे पत्र तुझ्या सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

माल्सुन

बामसिल,
१० मे

ताई,

या वेळी आधी तब्येत विचारत नाही, राग मानू नकोस. एका दमात लिहिलं नाही तर परत राहून जाईल.

ती वनचुरी माझी होती.

मागच्या पत्रात मी लिहिलं की कोंब भिजवले गेले नव्हते. कोणी भिजवले नव्हते ते लिहिलं नाही. तू ओळखलं असशील. तुझं पत्र आलं नाही, त्यावरून मला तसंच वाटलं.

त्या दिवशी सकाळी लुआ सभागृहात गेल्यावर मी घरात एकटी होते. आराम करत होते, म्हणजे कोपऱ्यात बसून जळत होते. तिकडे गावाचं जेवण शिजतंय आणि मी घरात. मग विळा घेऊन कुंपणाशी गेले. वनचुरी वीतभर वाढली होती. एवढी वाढलेली घ्यायची नसते हे मी सहा वर्षांची असताना मला आपल्या आईनं सांगितलं होतं, आणि मी लुआला सांगितलं होतं. पण बाकी सगळं तिनं खुडून नेलेलं. हीच उरली होती, आणि वनचुरी गोड लागते, इतर कशापेक्षा गोड. उकडली. दोन तास गार पाण्यात ठेवायची तर जेवण उरकून गेलं असतं. पिळली, व्हिनेगर-तिखटात कालवली, आणि मागच्या दारानं सभागृहात नेऊन तिच्या वाडग्यांच्या रांगेत तसल्याच वाडग्यात ठेवली.

मला कुणाला आजारी पाडायचं नव्हतं. हे तू तरी मान. मला एवढंच हवं होतं की खाताना कुणीतरी थांबावं आणि विचारावं, ही भाजी कोणाची? मग मी म्हणणार होते, माझी.

आणि विचारलंच सुनचांगवालीनं. तोंडात घास होता आणि डोळे मिटलेले. म्हणाली, "लुआ, ही गोड भाजी कसली गं? या सगळ्यांत हीच सरस."

लुआला विचारलं, ताई. मी समोर बसले होते. लुआनं वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताटातला भात चिवडत राहिले. आता 'माझी' म्हटलं तर सगळ्यांना दिसलं असतं की ही म्हातारी चोरासारखी भाजी आणून ठेवून गेली. तेवढ्यात विषय पुढे गेला. आणि तासाभरानं तर बोलायची सोयच उरली नाही.

आरोग्य खात्याच्या माणसानं विचारलं तेव्हाही ती आधी माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. त्या माणसाला दोनदा विचारावं लागलं. मी ह्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होते. मग तिनं उत्तर दिलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, "आई, आले" म्हणायची, भांडी घासायची. यूरिमला बालवाडीत कुणीतरी म्हणालं, तुझ्या आईनं विष घातलं. पोरीनं घरी येऊन मला विचारलं, आजी, विष म्हणजे काय? मी तिला बिस्कीट दिलं.

एक मेच्या संध्याकाळी ह्यांच्यापुढे पेज ठेवली. दोन चमचे खाल्ले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी भिजव."

मी विचारलं, काय?

"वनचुरी."

म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"सेहेचाळीस वर्षं खातोय. तुझ्या हातचं मला कळत नाही होय?"

ताई, मला आधी काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. आधी बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझ्या हातचं ओळखलं. बघ, मी कशी बाई आहे.

मग मी विचारलं, कळलं होतं तर इतकी खाल्ली कशाला? डॉक्टर म्हणाले, सगळ्यांत जास्त तुमच्याच पोटात होती.

म्हणाले, "तू बघत होतीस ना."

ते पेज ढवळत राहिले. मग म्हणाले, ऑपरेशननंतर खरंच कशालाच चव लागत नव्हती, तुझ्या जेवणालाही नाही, आणि तुला ते कसं सांगू. लुआचं ते माशाचं पाणी एवढं उग्र की तेवढंच जिभेला कळायचं. तुला राग येतो हे दिसत होतं. त्या दिवशी वाडगा बघितला, तू कुठे बसलीस ते बघितलं, म्हटलं खावं. मी विचारलं, मग दवाखान्यात बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तू सांगत नव्हतीस, मी कसा सांगू? पण आता त्या पोरीकडे बघवत नाही मला."

दुसऱ्या दिवशी लुआ पॉलीहाऊसवरून आली तेव्हा मी फाटकापाशीच उभी होते. वाटेतच सांगितलं, घरात जाईपर्यंत धीर टिकला नसता. तिनं ऐकून घेतलं. हातातली पिशवी खाली ठेवली नाही.

म्हणाली, "मला माहीत आहे, आई. चुलीमागच्या टोपलीत देठं होती, मी त्याच दिवशी बघितली. तेवीस दिवस झाले."

मला वाटलं ती रडेल किंवा मला रडू देईल. तसं काही नाही. मी म्हटलं, मग तू का नाही बोललीस? तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"मी बोलले असते तर गावानं कोणाचं ऐकलं असतं? तुमचं की माझं? सुनेनं सासूवर ढकललं म्हणाले असते. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. रोज कामावर जाताना वाटायचं, आज बोलतील."

मी म्हटलं, माफ कर.

ती म्हणाली, "मला इथे सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." आणि आत गेली.

परवा आठ तारखेला आईवडिलांचा दिवस होता. सभागृहात सगळ्या म्हाताऱ्यांच्या छातीवर लाल फुलं लावली, मंडळाच्या पोरींनी वाढलं. लुआ आत भांडी विसळत होती. त्या दिवसापासून तिला अन्नाला हात लावू देत नाहीत, फक्त भांडी देतात. हे मी महिनाभर डोळ्यांनी बघत होते. वाढून झाल्यावर मी उभी राहिले. फूल लावलेलं होतं ते आधी काढून ठेवलं, ते लावून बोलवेना. म्हटलं, नऊ एप्रिलची वनचुरी माझी होती. वाढलेले कोंब मी कापले, भिजवले नाहीत, आणि लुआच्या वाडग्यांच्या रांगेत नेऊन ठेवले. तिला पत्ता नव्हता. जेवणाचा मान तिला दिलात म्हणून मला ते सोसलं नाही.

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं.

मला वाटलं, शिव्या दिल्या तर बरं होईल. मग सुनचांगवाली बोलली, तीही हळू. "माल्सुन, आम्ही त्या पोरीला काय काय बोललो गं." एवढं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आतल्या मोरीकडे गेली. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, नळ चालू होता. बेक आजोबा म्हणाले, बरं, आता निदान सूप गार व्हायच्या आत जेवा. सगळे जेवले. माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. मंडळाच्या यादीत आता भांड्यांपुढे माझं नाव आहे. ते बरोबरच आहे.

लुआनं मला माफ केलं असं समजू नकोस. वाटेत घरी येताना ती यूरिमचा हात धरून पुढे चालत होती आणि मी मागे. फाटकापाशी आल्यावर तिनं फाटक माझ्यासाठी उघडं धरलं. सुनचॉनला जायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवायचंय. मी विचारत नाही. विचारायचा हक्क मला आज तरी नाही.

काल संध्याकाळी मात्र ती स्वयंपाकघरात आली. स्वच्छ केलेल्या वाफ्यात चाकवत परत उगवलाय, गवत ते, त्याला कोण अडवणार. तो खुडून आणला होता. मी बाजूला सरकले, पाणी उकळायला ठेवलं. तिनं उकडला, मी पिळला. कालवला तिनं. मी तिखटाच्या बरणीकडे हात नेला, तर म्हणाली, "नको आई, बाबांच्या पोटाला अजून झेपणार नाही." मी हात मागे घेतला.

हे जेवायला बसले. सूप माझं होतं, भाजी तिची. सूप दोन घोट प्यायले, भाजी संपवली, आणि वाटी तिच्यापुढे धरली. आणखी आहे का, विचारलं. तिच्या मांडीवर यूरिम झोपली होती, तिला उठता येईना.

मी परत तशीच जळले, ताई. तुला खोटं कशाला लिहू. एवढं सगळं होऊनही तेच, तसंच. सूप तसंच पडलं होतं.

मी उठले आणि तिची भाजी त्यांना वाढली. मग थोडी माझ्याही ताटात घेतली. चांगली झाली होती.

तुझी, एकाहत्तराव्या वर्षीही जळणारी,
माल्सुन